भुईकोटांचा मुलूख : औसा, उदगीर, कंधार (लेखांक चौथा)

बालाघाटची डोंगररांग बीडकडून पूर्वेला सरकते तसतशी बसत जाते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत पोहोचेपर्यंत तिचे पठार झालेले असते: कुठे खडकाळ माळ, कुठे एखादे सुटे टेकाड, आणि मधल्या सखल पट्ट्यांत काळी कसदार जमीन. गडाला लागतो तसा चहूबाजूंनी तुटलेला डोंगर इथे सहसा मिळत नाही. म्हणून या मुलखातले औसा आणि कंधार हे मोठे किल्ले सपाटीवरच उभे राहिले आणि उदगीरचा किल्ला पठाराच्या कडेवर बसला. कड्याचे काम खंदकाकडे आले. खंदक आला म्हणजे पाणी आले, आणि पाणी ही इथे कधीच गृहीत धरण्याजोगी गोष्ट नव्हती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे फार जुने नाही. त्याच लातूरच्या आसपास चारपाचशे वर्षांपूर्वी खंदक, हौद, विहिरी आणि बारवा यांवर मोठा खर्च झालेला दिसतो. या भागातली कुठलीही जुनी वास्तू पाहताना पाणी कुठून आले आणि कुठे साठवले, एवढे शोधत गेले तरी निम्मी वास्तू उलगडते.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्यांना भुईकोट पहिल्या भेटीत फिका वाटतो. चढ नाही, धाप लागत नाही, माथ्यावरचा वारा नाही. थेट दरवाजातून आत शिरून चार इमारती पाहून परतणाऱ्याला तो फिकाच वाटणार. भुईकोट बाहेरून सुरू करावा. आधी खंदकाच्या कडेने पूर्ण फेरी मारावी, बुरुज कुठे दाट आहेत आणि कुठे विरळ हे पाहावे, मग दरवाजा, मग तटावरची फांजी आणि शेवटी आतले वाडे. या क्रमाने गेले की किल्ला बांधणाऱ्याला भीती कोणत्या बाजूची होती ते आपोआप कळते.

औसा लातूरहून वीसेक किलोमीटरवर आहे. किल्ल्याची जागा मुद्दाम निवडलेली: भोवतीची जमीन उंच आणि किल्ला खोलगटात. त्यामुळे आतल्या उंच बुरुजावरून दूरवरची फौज दिसते, पण येणाऱ्याला किल्ल्याचा बराचसा भाग दिसतच नाही. दुहेरी तटबंदी, बाहेर रुंद खंदक, आणि एकामागून एक काटकोनात वळणारे दरवाजे. सरळ रेषेत धावत येऊन दाराला धडक द्यायला हत्तीला जागा मिळू नये, हा त्या वळणांचा हेतू. बहमनी काळापासून महत्त्वाचा असलेला हा किल्ला निजामशाहीत मलिक अंबरच्या ताब्यात आला. त्याच्या नावावरून त्याला अंबरापूर म्हणत, पुढे त्याचे अमरापूर झाले. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले पाठोपाठ घेतले आणि निजामशाहीचा शेवट जवळ आला.

औशात पाहायची खरी जागा मात्र तट किंवा तोफ नाही. किल्ल्यात जमिनीखाली एक दालन आहे, सुमारे ७६ फूट लांब आणि ५० फूट रुंद, कमानींवर तोललेले. त्याचे छत म्हणजे वरच्या मोठ्या हौदाचा तळ. वर पाणी, खाली माणसे. मराठवाड्याच्या वैशाखात डोक्यावर पाण्याचा थर असलेल्या दगडी दालनात बसण्याचे सुख काय असेल, हे उन्हाळ्यात औशाच्या पेठेतून चालत आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हौदाचे पाणी खाली झिरपू न देणारी चुन्याच्या गिलाव्याची कारागिरी हा इथला सर्वांत अवघड भाग होता, आणि त्याबद्दल फलकावर एखादी ओळ हवी. बहुतेक फलक राजांच्या नावांवरच थांबतात.

औशाहून निलंग्याच्या दिशेने गेल्यावर खरोसा गाव लागते. गावालगतच्या टेकडीत साधारण सहाव्या-सातव्या शतकातली लेणी आहेत. महाराष्ट्रातली बहुतेक लेणी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेली, ही मात्र जांभ्यात. कोकणाबाहेर जांभा ही कल्पना अनेकांना नवी वाटते, पण उदगीर-बिदरच्या पठारावर बेसाल्टच्या माथ्याशी जांभ्याचे थर आहेत आणि बिदरचा किल्ला त्याच लाल दगडाचा आहे. जांभा ओला, ताजा असतो तेव्हा त्याला छिन्नी सहज लागते, हवा लागली की तो घट्ट होतो. कोरणाऱ्याची सोय होते, शिल्पाची होत नाही. दगड सच्छिद्र असल्याने दागिन्यांची नक्षी, बोटे, ओठ असले बारकावे त्यात टिकत नाहीत. म्हणून खरोशाच्या शिल्पकाराने सगळा भर अंगाच्या ठेवणीवर दिला. कैलास हलवणारा रावण, हिरण्यकशिपूला धरलेला नरसिंह, मोरावरचा कार्तिकेय यांचे चेहरे आज जवळजवळ पुसले गेले आहेत, तरी खांद्याच्या झुकावावरून आणि पायाच्या पवित्र्यावरून ते ओळखता येतात. भिंतीला हात न लावता नजर जवळ नेली तर छिद्रांच्या जाळीतून छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसतात. वेरूळच्या शैव लेण्यांचा आरंभकाळ आणि खरोसा फार लांब नाहीत, त्यामुळे वेरूळ पाहिलेल्यांनी खरोसा चुकवू नये. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या लेण्यांवरील ग्रंथात त्याची नोंद आहे, पण प्रवाशांच्या यादीत हे नाव अजून क्वचितच दिसते. जवळच निलंग्याला नीलकंठेश्वराचे तीन गाभाऱ्यांचे चालुक्यशैलीतले मंदिर आहे. दोन्ही एका दिवसात होतात.

उदगीरचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे. सलाबतजंग आणि निजामअली यांचे सैन्य धारूरकडे निसटू पाहत होते. सदाशिवरावभाऊंनी त्यांना औसा-उदगीरच्या टापूत गाठले. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना या वेळी मराठ्यांकडे होता. तहात वर्षाला सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि त्यासोबत दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड अशी ठिकाणे पदरात पडली. वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले आणि उदगीरचा विजय त्याखाली झाकला गेला. किल्ल्याच्या एका अंगाला पठार तुटून दरी लागते, तर गावाच्या अंगाला सुमारे चाळीस फूट खोल खंदक आहे. आत उदागीर बाबांची समाधी आहे आणि गावाचे नाव त्यांच्यावरून पडले असे स्थानिक लोक सांगतात. किल्ला पाहायला सकाळ बरी, कारण दरीच्या बाजूची तटबंदी तेव्हा उन्हात येते आणि दगडाचा प्रत्येक थर वेगळा दिसतो.

चालण्याची, चढण्याची हौस असेल तर उदगीर तालुक्यातच देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. सपाट शेतांतून एकदम वर आलेली ही खडकाळ टेकडी. वर कोरीव गुहा आहेत आणि गंगाराम महाराजांची समाधी आहे. चढ तासाभराचाही नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांशी झुंजणाऱ्या किसान दलाच्या तरुणांनी हत्तीबेटाचा आसरा घेतला होता. माथ्यावर उभे राहिले की का घेतला ते लगेच उमजते: कोसभर लांबून येणारी बैलगाडीसुद्धा इथून लपत नाही.

कंधार नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीच्या खोऱ्यात, नांदेड शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. या तीन किल्ल्यांत सर्वांत जुना वारसा त्याचाच. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण (कारकीर्द ९३९ ते ९६७) स्वतःला कंधारपुरवराधीश्वर म्हणवत असे, आणि कंधारच्या शिलालेखात इथल्या देवळांची नावे येतात, तसाच जगत्तुंग-समुद्र या तलावाचा उल्लेख येतो. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. हजार वर्षे होऊन गेली, तरी गावाशेजारचा तलाव आजही जगतुंग सागर याच नावाने ओळखला जातो. त्याच काळातल्या एका अवाढव्य क्षेत्रपालाचे दगडी अवयव कंधारला सापडले. एकेका तुकड्यावरून मूळ मूर्ती पन्नास-साठ फुटांची असावी असा अंदाज बांधला गेला आहे. सुटे पाऊल पाहिले तरी हा अंदाज अतिशयोक्त वाटत नाही.

आजचा किल्ला पुढच्या सुलतानी काळातला: पाण्याने भरलेला खंदक, मछली दरवाजा, लाल महाल, शीश महाल, मशीद, अंबारखाना. आत ठिकठिकाणी गोळा करून ठेवलेल्या भग्न हिंदू आणि जैन मूर्ती आहेत. १६३१ मध्ये मोगलांनी कंधारला वेढा घालून किल्ला घेतला. त्या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने रंगवलेले चित्र पादशाहनाम्यात असून ते हस्तलिखित इंग्लंडच्या राजसंग्रहात विंडसरला आहे. चित्राखालचे नाव वाचून कित्येकांना ते अफगाणिस्तानातले कंदाहार वाटते. गावातल्या हाजी सय्याह दर्ग्यालाही याच फेरीत जाता येते.

कंधारचा अभ्यास करणाऱ्याने देगलूर तालुक्यातले होट्टल जोडून घ्यावे. तिथले सिद्धेश्वर मंदिर कल्याणी चालुक्यांच्या काळातले, बाह्यभिंतीवर सुरसुंदरींची दाट रांग असलेले. या परिसरातले बरेच लेख कन्नडमध्ये आहेत. राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, इथून जवळ, तेव्हा त्यात नवल नाही. श्रीनिवास रित्ती आणि गो. चिं. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह १९६८ मध्ये संपादित केला. जिल्ह्याच्या इतिहासाची चर्चा आजही त्यापासूनच सुरू होते.

जिल्ह्याचे उत्तर टोक वेगळे आहे. किनवट-माहूरला सागाचे जंगल, माहूरगड, रेणुकेचे शक्तिपीठ, राष्ट्रकूटकालीन पांडवलेणे, आणि इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून नदी अनेक धारांनी पडते; एक काठ नांदेडचा, दुसरा यवतमाळचा. तो पाहावा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि खडकाच्या कडेला जाऊ नये, कारण शेवाळ दिसत नाही आणि पाणी अचानक वाढते. नवरात्रात माहूरला शांतता शोधू नये.

बाकीच्या ठिकाणांना ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसात काळी माती चपलेला धरून ठेवते आणि खंदकाकाठची पायवाट हरवते. मार्चनंतर दहा वाजल्यापासूनच ऊन नको होते. डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-उदगीर भागात येळवस असते. शेतात कडब्याची कोप बांधून पांडवांची पूजा करतात आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचे जेवण होते. शहर अक्षरशः शेतात जाते. वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी दुकाने आणि खानावळी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवून बेत आखावा, आणि आमंत्रण आले तर किल्ला दुसऱ्या दिवशी पाहावा.

पुढील लेखांक : नळदुर्ग आणि परांडा.