निनावी लेखांचे कर्तृत्व आणि संगणक

अमेरिकेच्या नियोजित राज्यघटनेस न्यूयॉर्क राज्याने मान्यता द्यावी म्हणून १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या नावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले. लेखक तिघे: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. १८०४ मध्ये हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात निवर्तला. त्याने मागे ठेवलेली यादी आणि मॅडिसनने पुढे दिलेली यादी जुळेनात. १२ लेख दोघांच्याही नावावर पडले. घटनेचा अर्थ लावताना न्यायालये ज्या लेखांचा आधार घेतात, त्यांचा कर्ता कोण हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता.

डग्लस अडेअर या इतिहासकाराने १९४४ मध्ये विचारांच्या व घटनांच्या पुराव्यावरून मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. शैलीचा पुरावा मात्र दाद देईना. दोघांची वाक्येही सरासरी ३५ शब्दांच्या आसपासची. फ्रेडरिक मॉस्टेलर व डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. विषयाबरोबर बदलणारे भारदस्त शब्द त्यांनी बाजूस सारले आणि लेखणीतून नकळत उतरणारे अव्ययांसारखे क्षुद्र शब्द संगणकाकरवी मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा योजतो, मॅडिसन क्वचित. वादग्रस्त लेखांत तो जवळजवळ नाहीच. अशा अनेक शब्दांची साक्ष एकत्र तोलून बाराही लेख मॅडिसनचे ठरले. ५५ व्या लेखाविषयीची साक्ष त्यातल्या त्यात दुबळी, हे त्यांनी लपविले नाही. (निर्णय संगणक देतो, या समजास येथे आधार नाही, कोणते शब्द मोजावयाचे हे माणसांनीच ठरविले होते.)

मराठी अभ्यासकास येथे ‘ज्ञानेश्वरी’चा कर्ता आणि अभंगकार ज्ञानदेव भिन्न होत, हा शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेला पक्ष आठवेल. हीच मोजदाद तेथे का लावू नये? अडचण संगणकाची नाही, संहितेची आहे. पब्लियसचे लेख लिहिले जाताच छापले गेले. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० ची. परंतु एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि अभंग तर पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांच्या कंठांतून आले. गाणारा मूळ कल्पना सहसा बदलत नाही. ‘तें’, ‘जंव’, ‘परी’ मात्र आपल्या बोलीप्रमाणे सहज फिरवितो. म्हणजे ज्या शब्दांवर सारी मोजणी उभी, तेच सर्वांत आधी झिजलेले. यंत्र आकडे बिनचूक देईल. ते ज्ञानदेवांचे की शेवटच्या लेखनिकाचे, हे त्यास सांगता येणार नाही. त्यापूर्वी हस्तलिखितांतील पाठभेद संगणकात उतरविले पाहिजेत. आणि जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिण्याची रीत नसल्यामुळे, शब्द कोठे संपतो हेही प्रथम जाणत्या वाचकासच ठरवावे लागेल.