मोबाइलवरची जाहिरात आणि मधला अडत्या

श्रोतेहो, भाद्रपद जवळ आला की पेण आणि हमरापूर-जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. समजा, अशाच एका कारखान्यातला तरुण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मोबाइलवर टिपतो आणि त्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाकतो. हात स्थिर, रेघ नेमकी. लोक आवडीने पाहतात. एक दिवस एका रंगाच्या कंपनीचा निरोप येतो, "आमचा रंग हातात घेऊन दोन शब्द बोला, पैसे देऊ." आता प्रश्न असा, की त्या कंपनीला पेणचा हा पोरगा सापडला कसा?

शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये बाजारात अडत्या उभा असतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मोबाइलच्या बाजारातही तसा अडत्या आहे. त्याला 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले. चित्रफिती करणारी मंडळी तिकडे वळली आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदारही आले. दोघांची गाठ घालून देणे हा स्वतंत्र धंदाच झाला. हेच काम करणारी फेमबिट ही कंपनी गूगलने २०१६ मध्ये विकत घेतली आणि २०२० मध्ये तिला यूट्यूब ब्रँडकनेक्ट हे नाव दिले. इन्स्टाग्रामने आपले 'क्रिएटर मार्केटप्लेस' २०२४ मध्ये भारतात आणले.

त्याचे काम कसे चालते? कंपनी आपली गरज सांगते : मराठी बोलणारा हवा, कोकणातला हवा, पाहणारे अमुक वयाचे हवेत. प्लॅटफॉर्म आपल्याकडच्या यादीतून नावे काढून देतो. अनुयायी किती, एवढेच तेथे पाहत नाहीत. चित्रफीत शेवटपर्यंत किती जण पाहतात, किती जण उत्तर देतात, हेही पाहतात. म्हणून लहान गावातल्या, थोडे पण जिव्हाळ्याचे प्रेक्षक असलेल्या माणसालाही तेथे मोल असते. मग भाव ठरतो, चित्रफीत तयार होते, कंपनी ती मंजूर करते आणि पैसे मिळतात. काही अडत्ये त्यातून आपला वाटा कापून घेतात.

आता खरी गोम ऐका. अडतीवर भाताचे पोते विकले की ते गेले. येथे विकला जातो तो माणसाचा शब्द, आणि तो विकल्यावरही त्याच्याच नावावर राहतो. "हा रंग पाण्याला अपाय करत नाही" असे आपल्या तरुणाने खात्री न करता सांगितले, लोकांनी तो घेतला आणि विसर्जनानंतर तळ्यातले मासे मेले, तर लोक बोट कोणाकडे दाखवतील? कंपनी दूर असते, पोरगा गावात असतो.

कायदाही हेच म्हणतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने सूचना काढल्या, की मोबदला घेऊन शिफारस केली असेल तर तसे चित्रफितीतच, दिसेल आणि ऐकू येईल असे सांगावे. मोबदला म्हणजे केवळ रोकड नव्हे. रोहे तालुक्यात कोलाडला कुंडलिकेच्या वेगवान पाण्यात रबरी होडीतून जायला पर्यटक येतात. तेथल्या एखाद्या मुक्कामाने फुकट राहू दिले, होडीत बसवले आणि तुम्ही त्याचे कौतुक केले, तर तेही सांगायला हवे. फसव्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत.

म्हणून होकार देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. काम मिळण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. आपली चित्रफीत कंपनी किती दिवस आणि कोठे कोठे वापरणार, तेवढ्या काळात दुसऱ्या कंपनीचे काम करायला मनाई आहे काय, आणि पैसे कोणत्या तारखेला मिळणार, हे लेखी घ्यावे. भेटवस्तूंवरही कर असतो. एका कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर १० टक्के करकपातीचा नियम जुलै २०२२ पासून आहे.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात एखादी चित्रफीत दाखवा आणि मुलांना दोनच प्रश्न विचारा : हा माणूस हे का सांगतो आहे? याचे पैसे कोणी दिले? जी मुले हे विचारायला शिकतील, ती सहसा फसणार नाहीत. आणि पुढे स्वतः मोबाइलसमोर उभी राहिली, तर दुसऱ्याला फसवण्यापूर्वीही थबकतील.

कमाईला ना नाही, श्रोतेहो. कारागिराने आपली कला दाखवून चार पैसे मिळवले तर ते घामाचेच आहेत. फक्त रंग चांगला म्हणण्याआधी तो एकदा आपल्या हाताने पाण्यात विरघळवून पाहावा. आणि पैसे घेतले असतील, तर घेतले म्हणून सांगावे.