मंगळूर ते मडिकेरी : सायकलस्वाराची कसोटी

मंगळूरच्या समुद्रकाठाहून पुत्तूर, सुळ्य या मार्गाने कोडगूतील मडिकेरीस जाणारा रस्ता सुमारे १४० किलोमीटरांचा आहे. आरंभीच्या नारळी-पोफळींच्या सावलीने उमेद वाढते. पण खरी कसोटी शेवटी, संपाजेच्या घाटात. तेथे सुमारे पंचवीस किलोमीटरांत जवळजवळ हजार मीटर चढावे लागते. म्हणून सुळ्य येथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढणे श्रेयस्कर. दम लागल्यास उतरून चालण्यात कमीपणा नाही.

मार्च-एप्रिलमध्ये वळिवाची सर पडली, की आठ-दहा दिवसांत वृक्षांच्या छायेतील कॉफी पांढऱ्या, सुवासिक फुलांनी बहरते. प्रवासास तोच काळ उत्तम. पावसाळ्यात मात्र हा मोह आवरावा. ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता.