पावसाळ्यात उघडा ब्लॉक कसा सांभाळावा?

देवळीसारख्या तालुक्याच्या गावी इंजिनाची मोठी कामे बहुधा उन्हाळ्यात निघतात. शेतकरी मे महिन्यात ट्रॅक्टरचे किंवा पंपाचे इंजिन खोलायला देतो, बोअर होतो, पिस्टनही येतात. तेवढ्यात पाऊस लागतो आणि हातातला पैसा बियाणे-खताकडे जातो. "उस्ताद, कापूस निघाला की नेतो," एवढे सांगून तो निघून जातो. म्हणजे ब्लॉक दिवाळीपर्यंत आपल्याच दुकानात.

ही गिऱ्हाइकाची अमानत असते. गंजली तर भुर्दंड कारागिराला. बोअरमध्ये गंजाचे खड्डे पडले की ते वरवर घासून जात नाहीत. पुढच्या मापाचा बोअर करावा लागतो आणि आणून ठेवलेले पिस्टन-रिंग वाया जातात. लायनरच्या ब्लॉकमध्ये लायनर बसण्याची जागा खराब झाली, तर रबरी रिंग नीट बसत नाही आणि पाणी चेंबरच्या ऑईलमध्ये उतरते.

छपराखाली ठेवला, पाणी लागले नाही, तरी गंजला कसा, असे पुष्कळजण विचारतात. जड लोखंड रात्री थंड होते आणि सकाळी हवेपेक्षा उशिरा तापते. दमट हवा लागली की थंडगार पाण्याच्या लोट्याला सुटतो तसा घाम ब्लॉकला सुटतो. म्हणूनच ओलसर ब्लॉक नुसत्या प्लास्टिकमध्ये बांधणे वाईट. ओल आतच कोंडते. बारदान तर स्वतःच पाणी धरून ठेवते.

आपल्याकडे सर्रास जुने काळे ऑईल फासतात. फुकट मिळते हे खरे, पण त्यात जळणातून आलेले आम्ल, काजळी आणि पाणी असते. ते लावणे आम्हाला पसंत नाही. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा पाणी हटवतो, पण त्याचा थर पातळ. पावसाळाभर त्याच्या भरवशावर राहू नये.

बोअर झाल्यावर ब्लॉक गरम पाणी व साबणाने ब्रश मारून धुवावा. रॉकेलने दगडाची बारीक भुकटी पूर्ण निघत नाही. लगेच कॉम्प्रेसरच्या हवेने ऑईलची भोके, बोल्टची भोके आणि पाण्याचे जॅकेट सुकवावे. येथे चहाला जाऊ नये! धुतलेल्या बिडावर काही मिनिटांतच तांबूस झाक येते. पांढऱ्या फडक्याने ऑईल लावून पुसत राहावे, फडके स्वच्छ निघेपर्यंत. नंतर गंजरोधक तेल लावावे. तेल कंपन्या ते याच कामासाठी बनवतात. ते न मिळाल्यास नवे घट्ट इंजिन ऑईल, आणि हेड बसते त्या सपाटीवर ग्रीस. उघड्या हाताने बोअरला शिवू नये, घामातील मीठ बोटांचे ठसे उमटवते.

वर गंजरोधक कागद (व्हीसीआय म्हणून मिळतो) गुंडाळून मग पॉलिथिन चढवावे. ब्लॉक फरशीवर नव्हे, लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. बॅटरी चार्जिंगच्या कोपऱ्यात किंवा खताच्या पोत्यांजवळ तर मुळीच नको.

ब्लॉकला तारखेची चिठ्ठी बांधावी आणि महिन्यातून एकदा उघडून बोअरमध्ये बोट नव्हे, फडके फिरवावे. तांबूस निघाले तर त्याच दिवशी पुसून पुन्हा तेल द्यावे. इंजिन बांधण्याआधी ग्रीस आणि घट्ट तेल रॉकेलने धुऊन काढावे, विशेषतः ऑईलच्या भोकांतून.