मुलीला टॅब घ्यावा की कॉम्प्युटर?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारी विहारात ग्रंथवाचन आटोपले, चहा झाला आणि मंडळी पांगू लागली. तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या एक ताई आमच्याजवळ आल्या. ताई बिडी कामगार, मालक मार्केट यार्डात हमाली करतात. मुलगी बारावी होऊन बी.कॉम.ला गेली आहे.

"जयभीम दादा. एक विचारायचं होतं. बचत गटाचे बारा हजार हातात आलेत. पोरीला अभ्यासाला टॅब घ्यावा म्हणते. दुकानदार म्हणतो, आता कॉम्प्युटरचे दिवस गेले, सगळं बोटावर होतं. तुम्ही हापिसात बसता, तुम्हीच सांगा."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. हजार बिड्या वळायच्या म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान वर करता येत नाही. अशा कमाईतून साठलेल्या पैशाला घाईने सल्ला देणे हा अपराध होय. "ताई, पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही घरी आलो आणि आठवडाभर याच प्रश्नावर विचार केला. हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. नगर शहरात, श्रीरामपुरात, संगमनेरात, पाथर्डी-जामखेडच्या खेड्यांत आपल्या घरोघरी तो विचारला जातो. म्हणून तो वाचक बंधु-भगिनींसमोर मांडीत आहोत.

काचेने काय दिले?

प्रथम टॅबच्या बाजूने बोलू. बोटाने चालणारा पडदा ही काही कालची वस्तू नव्हे. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने 1965 साली अशा पडद्याची माहिती प्रसिद्ध केली. माउस जगाला दाखवला गेला तो 1968 च्या डिसेंबरात, अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी. म्हणजे बोटाची काच आणि माउस ही एकाच काळातली भावंडे आहेत. काच मात्र घराघरांत पोहोचली ती फार उशिरा. 2010 साली अॅपल कंपनीचा आयपॅड आला आणि टॅब हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

पुढच्याच वर्षी, 5 ऑक्टोबर 2011 रोजी, दिल्लीत 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब निघाला. गरिबाच्या मुलाच्या हाती कॉम्प्युटर देण्याची ती घोषणा होती. पण त्याचा पडदा दाबल्यावर चालणारा आणि यंत्र फार संथ, अशा तक्रारी आल्या. 2012 मध्ये मुंबईच्या आयआयटीच्या सहभागाने सुधारलेला आकाश-2 आला. तरीही प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात आकाश हे स्वप्न काही पुरे झाले नाही. 2015 साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. हेतू हा की, दप्तराचे ओझे कमी व्हावे.

काचेचा मोठा गुण असा की, ती शिकवावी लागत नाही. ज्या आजीला सही येत नाही ती नातवाचा फोटो बोटाने मोठा करून पाहते. उभ्या उभ्या, शेतात, दारात, बसमध्ये काम करायचे तर काचच बरी. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने बनवलेले टॅब घेऊन माणसे दारोदार फिरली. 2021 पासून आपल्या राज्यात शेतकरी बांधावर उभा राहून मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवू लागला. अशा ठिकाणी कळफलक आणि माउस घेऊन कोण फिरणार? पाहणे, वाचणे, ऐकणे, फोटो काढणे, तयार पर्यायावर बोट ठेवणे, या पाच कामांत काच जिंकली, हे मान्य केले पाहिजे.

अर्थात काच दिली म्हणजे काम झाले असेही नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. यंत्र निकृष्ट आणि माहिती भरायची ती इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. आणखी एक गोष्ट आमच्या रोजच्या पाहण्यातली. आजची काच बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते. ऊस तोडून, विटा उचलून ज्यांची बोटे कोरडी व घट्टेदार झाली आहेत, त्यांचे बोट काच पुष्कळदा ओळखतच नाही.

मग कळफलक का टिकला?

2012 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-8 काढले. बोटाने दाबायचे मोठमोठे चौकोन पडद्यावर आणले आणि कोपऱ्यातले नेहमीचे 'स्टार्ट' बटण काढून टाकले. कार्यालयांतली माणसे गोंधळली. आरडाओरड झाली. 2013 मध्ये बटण परत आले आणि 2015 च्या विंडोज-10 मध्ये जुना मेनूही परतला. अॅपलने तर 2020 मध्ये आपल्या आयपॅडला माउस जोडण्याची रीतसर सोय करून दिली. काच विकणाऱ्यांनाच कळफलक-माउसकडे यावे लागले, यातच काय ते आले.

कारण बोटांतच आहे. कोणत्याही कळफलकावर इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या त्यावर टेकवल्या की बाकीची आठ बोटे आपापल्या जागी बसतात. डोळे कागदावर, बोटे कळांवर. काचेवर बोट टेकवून ठेवताच येत नाही, टेकवले की अक्षर उमटते. शिवाय काचेला उंचवटा नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षराला डोळा लावावा लागतो. त्यात पडद्यावरचा कळफलक निम्मा पडदा खाऊन टाकतो. लिहिलेले दिसावे तर कुठे?

आपले मतदान यंत्र आठवा. त्यावर काच नाही, निळे बटण आहे. बटण दाबल्याचे बोटाला कळते, लांब शिटी वाजते, खूण पटते. जिथे चूक चालत नाही तिथे अजून बटणच आहे.

आम्ही बी.कॉम. करीत होतो तेव्हा पहाटे सायकल मारीत टायपिंगच्या क्लासला जात असू. लोखंडी यंत्र, कार्बनचा वास आणि बाईंची पट्टी. कळांकडे पाहिले की पट्टी हातावर बसे. ती यंत्रे आता भंगारात गेली. गोदरेजने 1955 पासून भारतात टाइपरायटर बनवले आणि 2009 साली ते बनवणे बंद केले. यंत्र मेले, पण कळांची मांडणी मेली नाही. अमेरिकेत शोल्स आणि रेमिंग्टन यांच्या यंत्रावर 1870 च्या दशकात रुळलेली इंग्रजी मांडणी आजही प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे. आम्हाला नोकरी लागली ती या दहा बोटांवर.

टायपिंग हे काम हलके समजू नये. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला. त्याची इंग्रजी हस्तलिखिते टाइप करणारी बोटे होती त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांची. दिवसा नोकरी करून ते बाबासाहेबांच्या घरी टायपिंगला बसत.

मराठी लिहायची कशी?

आमच्या परीक्षेसाठी आम्ही ताईंच्या मुलीला घरी बोलावले. आमचा टॅब तिच्या हाती दिला आणि म्हटले, "बेटा, नळजोडणीसाठी महानगरपालिकेला एक अर्ज लिही. खाली घरातल्या माणसांचा तक्ता काढ."

पोरगी हुशार. दोन अंगठ्यांनी तिने भराभर सुरुवात केली, पण इंग्रजी अक्षरांत मराठी, जसे मैत्रिणींना लिहितात तसे. देवनागरीत लिही म्हटल्यावर गती गेली. यंत्राने तिचे आडनाव दोनदा स्वतःहून बदलले. तक्त्यापाशी तर ती थांबलीच. रकाना बोटाने धरायला जावे तर शेजारचा धरला जाई. शेवटी हसून म्हणाली, "काका, वहीत लिहून देऊ का?"

मग तिला इन्स्क्रिप्ट कळफलक दाखवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. अर्धे अक्षर करायचे तर मध्ये हलन्ताची कळ. क, हलन्त, ष, झाला 'क्ष'. आपण बोलतो त्याच क्रमाने अक्षर जोडायचे. ही मांडणी एकदा बोटांत बसली की हिंदीही येते आणि गुजराती, कानडी अक्षरांच्या जागाही त्याच राहतात. तासाभरात तिला 'कर', 'तर', 'पर' न पाहता लिहिता येऊ लागले.

काही जण म्हणतील, आता बोलले की मराठी उमटते, मग बोटे कशाला? खरे आहे. 2017 पासून गुगलवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना तिचा मोठा आधार आहे. पण एका खोलीत सहा कारकून एकदम बोलू लागले तर काय होईल? आणि नाव, आडनाव, रक्कम, गट नंबर यांत एक अक्षर चुकले तर ते शोधून दुरुस्त करायला पुन्हा कळफलकच लागतो.

नोकरीच्या दाराशी

आता मुख्य मुद्दा. आपल्या मुलांना सरकारी कार्यालयात कारकून व्हायचे असेल तर लिपिक-टंकलेखक पदाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द गतीचे शासकीय प्रमाणपत्र लागते. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते. तिला जीसीसी-टीबीसी म्हणतात. तीत गतीचा उतारा असतो, तसेच पत्र, तक्ता आणि ई-मेलही असतो. शिवाय लोकसेवा आयोग अलीकडे या पदासाठी टंकलेखनाची कौशल्य चाचणी घेतो. या सर्व ठिकाणी समोर काच नसते, कळफलक असतो.

टायपिंग नको असलेल्या परीक्षांतही माउस सुटत नाही. 2023 ची तलाठी भरती परीक्षा कॉम्प्युटरवर झाली. इंजिनिअरिंगची सीईटीही कॉम्प्युटरवरच होते. आमच्या वस्तीतला एक मुलगा अशाच एका परीक्षेला बसला. आयुष्यभर मोबाईल हाताळलेला, माउस कधी धरला नव्हता. बाण भलतीकडे पळे, चुकीच्या पर्यायावर खूण होई. पहिली पंधरा मिनिटे त्यातच गेली. घरी येऊन म्हणाला, "काका, उत्तरं येत होती हो." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीने 2017-18 मध्ये देशभर पाहिले तेव्हा शहरांत 23.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता आणि खेड्यांत अवघ्या 4.4 टक्के घरांत. मोबाईल आता झोपडीतही आहे. म्हणून दुकानदार जेव्हा "कॉम्प्युटरचे दिवस गेले" म्हणतो तेव्हा विचारावे, कोणाचे गेले? ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांची मुले काचेवर करमणूक करतात आणि कळफलकावर कमाई. आपल्या मुलांच्या हाती नुसती काच आली तर ती दुसऱ्यांनी लिहिलेले पाहत बसतील, स्वतः लिहिणार नाहीत. लिहिणारा आणि पाहणारा हा भेद पुन्हा आपल्या घरात येऊ द्यायचा का?

मग करावे काय?

आमच्या अल्पमतीने उत्तर असे आहे. टॅब टाकाऊ नाही, पण तो कळफलकाच्या जागी बसत नाही. घरात एकच वस्तू घ्यायची असेल आणि मूल दहावीच्या पुढे असेल, तर ओळखीच्या माणसाकडून तपासून घेतलेला जुना कॉम्प्युटर बरा. टॅब आधीच घरात असेल तर तो फेकू नका. छोट्या जोडवायरने त्याला साधा कळफलक आणि माउस बहुधा जोडता येतो. खर्च काही शे रुपयांचा. दुकानातच जोडून पाहावे, मगच पैसे द्यावेत. रोज अर्धा तास, कळांकडे न पाहता, मराठी आणि इंग्रजी सराव करावा. वेळापत्रक करून आईने त्यावर लक्ष ठेवावे, तिला कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल.

आणि ज्यांना काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी विहार समित्यांना आमची विनंती आहे. एखाद्या कार्यक्रमाचा मांडव-स्पीकरचा खर्च थोडा आवरून विहाराच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर ठेवा. वस्तीतल्या दहा मुलांची बोटे तयार होतील.

पुढच्या रविवारी आम्ही ताईंना सांगायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळीत होत्या. पान, तंबाखू, वळ, दोरा. नजर आमच्याकडे आणि हात चालू. आम्ही म्हटले, "ताई, तुम्ही पानाकडे बघत का नाही?"

"बघत बसले तर हजार कधी व्हायच्या दादा? बोटांना कळतं."

"बस्स, तुमच्या पोरीच्या बोटांना तेवढं कळलं पाहिजे. काचेवर ते कळत नाही."

ताई क्षणभर थांबल्या. मग आत हाक मारली, "ए पोरी, दादा काय म्हणतात ऐक."

त्यांनी जुना कॉम्प्युटर घेतला. उरलेल्या पैशांतून टायपिंग क्लासची फी भरली. मुलगी सध्या मराठी तीसची तयारी करते आहे. संध्याकाळी त्या घरावरून गेले की एका बाजूला आईच्या कात्रीचा आणि दुसऱ्या बाजूला लेकीच्या कळांचा आवाज येतो. कात्रीचा आवाज एक दिवस थांबावा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.