‘क्रीडोपयोगी’ रायफल : लक्षण, संज्ञा आणि अधिनियम

शब्दाचा अर्थ कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाचा, हा प्रश्न अर्थविचाराच्या अभ्यासात सामान्यतः शांतपणे चर्चिला जातो. उदाहरणे घट-पटाची असतात आणि निर्णय कोणताही झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हाच प्रश्न १९६८ पासून एका साध्या वस्तूच्या निमित्ताने विधिमंडळात, आयातखात्यात आणि न्यायालयात सतत उभा राहिला आहे. ती वस्तू म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या माणसाला परवडणारी, शिकारीसाठी व नेमबाजीसाठी विकली जाणारी अर्धस्वयंचलित रायफल. तिचा दस्ता बदलला, मूठ बसविली, एखादे उपांग जोडले की ती तीच राहते की दुसरी होते, या प्रश्नाच्या उत्तरावर एका बाजूस सामान्य नागरिकाचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्या बाजूस निरपराध माणसांचे प्राण अवलंबून असल्याचे दिसून आले आहे. म्हणूनच भाषाभ्यासकाने या प्रकरणाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

(१) वस्तू आणि तिचे अवयव

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते व नवे आपोआप भरले जाते. दुसरी गोळी सोडण्यासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. पूर्ण स्वयंचलित शस्त्रात चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विंचेस्टर व रेमिंग्टन या कारखान्यांनी अशा शिकारी रायफली बाजारात आणल्या, तेव्हा त्यांना अनुक्रमे ‘स्वतः भरणारी’ आणि ‘आपोआप भरणारी’ अशा अर्थाची नावे दिली होती. त्या नावांत भर होता तो भरण्यावर, झाडण्यावर नव्हे.

१९६४ मध्ये रूगर कंपनीने ‘१०/२२’ ही लहान व्यासाची रायफल ५४.५० डॉलर किमतीस विक्रीस काढली. तिची दहा काडतुसांची फिरती मॅगझिन दस्त्याच्या आतच सामावते आणि नळी दोन स्क्रूंनी बसविलेली असल्यामुळे घरच्या घरी बदलता येते. या सोयीमुळे तिच्याभोवती सुट्या भागांचा एक स्वतंत्र व्यापारच उभा राहिला. जड नळ्या, निरनिराळे दस्ते, नेमाच्या दुर्बिणी, हलके चाप असे असंख्य भाग इतर कारखान्यांनी तयार केले. इतके की मूळ कंपनीचा एकही भाग नसलेली ‘१०/२२’ जुळविणे शक्य झाले.

मग यांपैकी रायफल कोणती? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी हाच प्रश्न विचारतो. दांडी रथ नव्हे, आस रथ नव्हे, चाके रथ नव्हेत; या सर्वांच्या आश्रयाने चालणारे ‘रथ’ हे केवळ व्यवहारातील नाव आहे, असा त्या संवादाचा निष्कर्ष आहे. तत्त्वज्ञाला तेथे थांबता येते. अधिनियमाला येत नाही. अनुक्रमांक कोठेतरी कोरावाच लागतो. म्हणून अमेरिकन कायद्याने ज्या पेटीत नळी, चापयंत्रणा व दस्ता एकत्र येतात तो ‘रिसीव्हर’ नावाचा भाग म्हणजेच शस्त्र, असे मानले. एकट्या नळीच्या किंवा दस्त्याच्या विक्रीस संघीय कायद्याने शस्त्रविक्रीचे नियम लागत नाहीत. रिसीव्हरच्या विक्रीस लागतात. समासात एका पदावर संपूर्ण शब्दाचे लिंग व वचन अवलंबून असावे, तसाच हा प्रकार आहे.

(२) ‘क्रीडा’ या शब्दाचा कायद्यात प्रवेश

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करांनी टाकून दिलेल्या रायफली अमेरिकेत अत्यंत स्वस्तात मिळू लागल्या. त्यांचे लाकूड तासून, नळी आखूड करून, दुर्बीण बसवून त्यांना शिकारी रूप देण्याचा छंद तेथे फार लोकप्रिय होता. सैनिकाला शिकारी बनविणारे हे रूपांतर कोणाला आक्षेपार्ह वाटले नाही. परंतु २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, ती अशाच एका जुन्या इटालियन लष्करी रायफलीने. ती अर्धस्वयंचलित नव्हती. पण दुर्बिणीसह १९.९५ डॉलरांना, क्रीडासाहित्य विकणाऱ्या दुकानाकडून टपालाने मागविलेली होती. १९६८ च्या शस्त्रनियंत्रण अधिनियमामागे या घटनेची स्मृती होती.

त्या अधिनियमाने परदेशी शस्त्रांच्या आयातीसाठी अशी अट घातली की, ते शस्त्र क्रीडाप्रयोजनास विशेषेकरून योग्य, किंवा त्यासाठी सहज अनुकूल करता येण्याजोगे, असे सामान्यतः मानले जात असले पाहिजे. मात्र ‘क्रीडाप्रयोजन’ म्हणजे काय, हे अधिनियमाने सांगितले नाही. पुढे शासकीय अहवालांनी त्याचा अर्थ शिकार व संघटित नेमबाजी स्पर्धा एवढाच केला. रिकाम्या डब्यांवर गंमत म्हणून गोळ्या झाडण्यास तिकडे ‘प्लिंकिंग’ म्हणतात. डब्यावर गोळी आदळल्याच्या आवाजावरून आलेला हा अनुकरणवाचक शब्द. ही करमणूक आहे, क्रीडा नव्हे, असा निर्णय देण्यात आला. लाखो लोक ज्या कामासाठी स्वस्त रायफल घेत, तेच ‘क्रीडा’ या शब्दाच्या कक्षेबाहेर राहिले.

(३) उद्देश की लक्षण?

१७ जानेवारी १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील प्राथमिक शाळेच्या आवारात एका इसमाने कलाश्निकोव्ह धाटणीच्या अर्धस्वयंचलित चिनी रायफलीने पाच मुलांचा बळी घेतला व तिसांहून अधिक जणांना जखमी केले. त्याच वर्षी ४३ प्रकारच्या रायफलींची आयात बंद करण्यात आली. निर्णयासाठी काही लष्करी चिन्हे विचारात घेतली गेली: सुटी होणारी मॅगझिन, दुमडणारा दस्ता, स्वतंत्र पिस्तुली मूठ, संगीन लावण्याची सोय, नळीच्या तोंडाचा ज्वालाशामक इत्यादी.

न्यायशास्त्रात पदार्थाच्या विवेचनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: उद्देश म्हणजे नामनिर्देश, लक्षण आणि परीक्षा. शस्त्रविषयक कायद्यांनीही पहिल्या दोन वाटा चोखाळल्या. १९९४ च्या संघीय बंदीत दोन्ही एकत्र आढळतात. काही शस्त्रे नावानेच निषिद्ध ठरविली, ‘१०/२२’ सारखी शेकडो नावानेच मोकळी ठेवली, आणि उरलेल्यांसाठी लक्षण दिले: अर्धस्वयंचलित रायफल, सुटी होणारी मॅगझिन, आणि ठरावीक पाच चिन्हांपैकी किमान दोन.

लक्षणाला अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. गायीचे ‘शिंगे असणे’ हे लक्षण म्हशीवर अतिव्याप्त होते. ‘तांबूस रंग’ हे पांढऱ्या गायीवर अव्याप्त राहते. म्हणून शास्त्रकारांनी गळ्याखालची पोळी, म्हणजे सास्ना, हे लक्षण स्वीकारले. १९९४ च्या लक्षणातील दोष याहून वेगळा होता. ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर, असे सांगितल्यास घर ओळखता येते. पण कावळा उडून गेला तरी घर देवदत्ताचेच राहते. यालाच उपलक्षण म्हणतात. संगीनीची खुंटी व ज्वालाशामक ही अशीच उपलक्षणे होती. कारखानदारांनी कावळा उडवून दिला; खुंटी व ज्वालाशामक काढलेल्या त्याच रायफली कायदेशीरपणे विकल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर २००४ मध्ये या बंदीची दहा वर्षांची मुदत संपली व ती पुन्हा लागू झाली नाही.

(४) सायगा : नावाचे व रूपाचे परिवर्तन

रशियातील इझेव्हस्क येथील ‘सायगा’ रायफलीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सायगा हे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील एका हरणाचे नाव. कलाश्निकोव्हच्याच यंत्रणेवर आधारलेल्या या रायफलीला तिच्या सावजाचे नाव देण्यात आले. अमेरिकेत पाठविताना तिची पिस्तुली मूठ काढली, चाप मागे सरकविला, साधा शिकारी दस्ता बसविला आणि सैनिकी मॅगझिन तिला बसणार नाही अशी व्यवस्था केली. अशा रूपात ती ‘क्रीडोपयोगी’ ठरली. किंमत कमी व यंत्रणा भरवशाची असल्यामुळे तिचा खप चांगला झाला. २०१४ च्या जुलैमध्ये अमेरिकेने कलाश्निकोव्ह उद्योगसमूहावर आर्थिक निर्बंध घातले व ही आयात थांबली.

अनेक ग्राहकांना तिचे मूळ रूप पुन्हा हवे असे. येथे १९९० चा एक नियम आडवा येतो. जी रायफल आयात करता येणार नाही, ती परदेशी भागांपासून देशात जुळविणेही निषिद्ध आहे. १९९३ च्या नियमावलीने वीस भागांची यादी दिली व त्यांपैकी दहाहून अधिक भाग परदेशी नसावेत असे ठरविले. परिणाम असा की, दिसावयास व चालावयास अगदी सारख्या दोन रायफलींपैकी एक वैध व दुसरी अवैध असू शकते. भेद केवळ चाप, मूठ वा मॅगझिनचे तळपान कोठे घडविले यावरून होतो. नागसेनाच्या रथाचे अवयव येथे मोजले जातात, पण ते कोणत्या गावच्या सुताराने केले एवढ्यासाठीच. शिवाय या कलमाचे क्रियापद ‘जुळविणे’ असे आहे, ‘बाळगणे’ नव्हे. म्हणजे निषेध वस्तूचा नसून क्रियेचा आहे.

कॅलिफोर्नियातही असाच प्रसंग घडला. तेथील नियमाप्रमाणे हत्याराच्या साहाय्यावाचून काढता येणारी मॅगझिन ती ‘सुटी होणारी’. आणि बंदुकीची गोळी हेही हत्यार समजावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लगेच गोळीच्या टोकाने दाबावयाची कळ बाजारात आली. ती बसविलेली मॅगझिन क्षणात निघे, पण शब्दार्थाने ‘सुटी होणारी’ नसे. २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट बंद झाली.

(५) ‘चापाचे कार्य’ : षष्ठीचा वाद

१९३४ च्या अधिनियमानुसार चापाच्या एका कार्याने आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र ते मशीनगन. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका इसमाने ‘बम्प स्टॉक’ जोडलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींनी जमावावर गोळीबार केला. त्या रात्री ५८ जण मृत्युमुखी पडले. जखमांमुळे पुढे मरण पावलेल्या दोघांसह ही संख्या ६० झाली. या उपांगात गोळीच्या धक्क्याने रायफल मागे-पुढे सरकते आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप पुनःपुन्हा आदळतो. २०१८ मध्ये शासनाने नियम करून हे उपांग मशीनगन ठरविले. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला.

वादाचे मूळ व्याकरणात होते. ‘चापाचे कार्य’ येथील षष्ठी कर्त्याची मानली, तर चाप काय करतो ते पाहावयाचे. तो प्रत्येक गोळीला एकदा हलतो, म्हणून कार्ये अनेक. बहुमताचा निर्णय मुख्यतः या अर्थावर उभा होता. तीच षष्ठी ‘चापाचे ओढणे’ यातल्याप्रमाणे कर्माची मानली, तर माणूस काय करतो ते पाहावयाचे. तो एकदाच क्रिया आरंभितो, म्हणून कार्य एक. अल्पमताचा कल या बाजूस होता. मराठीत ‘चाप ओढला’ म्हणताना कर्ता माणूस असतो व चाप कर्म; इंग्रजी अधिनियमातील भाववाचक नामाने कर्ता झाकून ठेवला आणि नव्वद वर्षांनी तोच शोधण्याची वेळ आली.

(६) भाविनी संज्ञा

२६ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयापुढील दुसऱ्या खटल्याचा निकाल लागला. प्रश्न असा होता की, घरी जुळविण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अपूर्ण भागांच्या संचाला ‘शस्त्र’ म्हणता येईल काय? न्यायमूर्ती गोर्सच यांनी मानवनिर्मित वस्तूंच्या नामांविषयीच्या भाषाशास्त्रीय विचाराचा आधार घेतला. लेखिका अपुऱ्या हस्तलिखितालाही आपली कादंबरी म्हणते. सुट्या फळ्यांच्या स्वरूपात आणलेल्या टेबलालाही लोक टेबलच म्हणतात. त्याप्रमाणे किमान काही संच तरी शस्त्र या संज्ञेत येतात, असा निर्णय सात विरुद्ध दोन मतांनी झाला.

हा विचार भारतीय अभ्यासकांना अपरिचित नाही. पतंजलीच्या महाभाष्यात एक माणूस कोष्ट्याला या सुताचे वस्त्र विण असे सांगतो. कोष्टी विचारात पडतो: वस्त्र असेल तर विणावयाचे नाही, आणि विणावयाचे असेल तर ते वस्त्र नाही. उत्तर असे की, ही भाविनी संज्ञा आहे. विणल्यावर ज्याला वस्त्र म्हणता येईल असे काही विण, असा वक्त्याचा आशय. ‘भाकरी थापणे’, ‘स्वेटर विणणे’ या रोजच्या प्रयोगांतही हीच संज्ञा वावरते. परंतु पतंजलीला जो प्रश्न पडावयाचे कारण नव्हते तो न्यायालयाला पडला: सूत कातल्यापासून किती वीण झाल्यावर वस्त्र म्हणावयाचे? काही संच निश्चितपणे शस्त्र आहेत एवढे न्यायालयाने सांगितले. सीमा कोठे, हे पुढील खटल्यांवर सोपविले.

या सर्व विवेचनातून एक भेद स्पष्ट होतो. गायीला आपले लक्षण ठाऊक नसते. सास्ना हे लक्षण ठरले म्हणून ती सास्ना टाकून देत नाही. मानवनिर्मित वस्तूंच्या बाबतीत मात्र वस्तू घडविणारा लक्षण वाचतो आणि त्याप्रमाणे वस्तू बदलतो. येथे लक्षण वस्तूच्या मागून न येता तिच्या पुढे चालते. म्हणून अशा संज्ञांचे लक्षण बाह्य चिन्हांवर आधारले तर ते अल्पकाळ टिकते. क्रियेवर आधारले तर क्रियावाचक शब्दाच्या कर्त्याविषयी वाद उरतो. आणि प्रयोजनावर आधारले तर ते प्रयोजन कोणाचे, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ‘क्रीडोपयोगी’ हा शब्द १९६८ पासून या तिसऱ्या प्रश्नापाशीच अडला आहे. निर्मात्याचे, ग्राहकाचे की शस्त्र प्रत्यक्ष हाती असलेल्या माणसाचे प्रयोजन, याचा निर्णय शब्दकोश देऊ शकत नाही. तो समाजालाच घ्यावा लागतो. समाजाने तो घेण्याचे टाळले की त्याचा भार एखाद्या विशेषणावर किंवा षष्ठीच्या प्रत्ययावर येऊन पडतो, आणि तेवढा भार पेलणे भाषेच्या शक्तीबाहेरचे असते.