भिंतीवरून धावणारा तिसऱ्या श्रेणीचा शिपाई

आज कोणत्याही वस्तीत जा, संगणकासमोर किंवा मोबाइलसमोर बसला की आईची हाक ज्याच्या कानावर पडत नाही असा एक तरी मुलगा तिथे सापडतोच. पडद्यावर बंदुकीची नळी दिसते, गोळ्यांचे आवाज येतात आणि घरातील वडीलधारी मंडळी तेवढ्यावरून निकाल देऊन मोकळी होतात की, पोरगा मारामारी शिकतो आहे. पालकांची काळजी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या खेळात आपले मूल तासन् तास रमते, तो खेळ नेमका काय आहे हे शेजारी बसून पाहणारे पालक फारच थोडे. म्हणून या लेखात अशाच एका खेळाची ओळख करून देत आहे. त्याचे नाव ‘टायटनफॉल २’. भाच्याच्या संगणकावर मी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहिला आहे, तेव्हा ही ओळख ऐकीव नाही.

बोनसच्या वादातून निघालेली कंपनी

हा खेळ अमेरिकेतील ‘रिस्पॉन एंटरटेनमेंट’ या कंपनीने तयार केला व ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ या बड्या कंपनीने २८ ऑक्टोबर २०१६ रोजी बाजारात आणला. नोकरी करणाऱ्या माणसाला रिस्पॉनच्या जन्माची हकिगत आवर्जून वाचावीशी वाटेल. जेसन वेस्ट व व्हिन्स झॅम्पेला हे दोघे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या अतिशय खपाच्या खेळामागचे प्रमुख कारागीर. मार्च २०१० मध्ये त्यांची मालक कंपनी ॲक्टिव्हिजन हिने शिस्तभंगाचे कारण दाखवून त्यांना कामावरून काढले. आमचा हक्काचा मोबदला बुडवण्यासाठीच हे केले, असे या दोघांचे म्हणणे. प्रकरण कोर्टात गेले. बोनस मिळाला नाही म्हणून कर्मचाऱ्यांच्या एका गटानेही वेगळा दावा लावला. २०१२ मध्ये तडजोड झाली. दरम्यान, त्याच वर्षी म्हणजे २०१० मध्ये या दोघांनी रिस्पॉन सुरू केली आणि जुने सहकारी मोठ्या संख्येने त्यांच्यामागे आले.

या मंडळींचा पहिला ‘टायटनफॉल’ मार्च २०१४ मध्ये आला. त्यात इंटरनेटवरून अनेकांनी एकमेकांशी लढायचे, एवढेच होते. एकट्याने बसून अनुभवावी अशी सलग गोष्ट नव्हती. ही उणीव दुसऱ्या भागात भरून काढली गेली. त्यासाठी पद्धतही चांगली वापरली. चमूतील वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या कल्पनेचे छोटे छोटे खेळता येतील असे तुकडे करून दाखवायचे आणि जो तुकडा सरस ठरेल त्यावरून खेळाचा टप्पा उभा करायचा.

शिपायाला कार्यभार मिळतो

या प्रकारच्या खेळाला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. म्हणजे पडद्यावर आपण नायकाला बाहेरून पाहत नाही, त्याच्याच डोळ्यांनी समोरचे जग पाहतो. इथला नायक जॅक कूपर हा साधा पायदळाचा रायफलधारी आहे, तोही तिसऱ्या श्रेणीचा. गोष्ट दूरच्या भविष्यातली. अवकाशातील लांबच्या वसाहतींची साधनसंपत्ती ओरबाडणारी आयएमसी नावाची एक महाकाय कंपनी आहे आणि तिच्याविरुद्ध लढणारी वसाहतवाल्यांची फौज आहे. कूपर या फौजेत आहे.

फौजेत सर्वांत वरचा मान ‘पायलट’चा. पायलट म्हणजे ‘टायटन’ नावाचे, घराएवढे उंच, दोन पायांवर चालणारे व स्वतः विचार करणारे लढाऊ यंत्र चालवणारा. कूपरला हे शिक्षण रीतसर मिळणे शक्य नसते. पण कॅप्टन लास्टिमोसा नावाचा पायलट या पोराची धडपड ओळखतो आणि त्याला आपल्या वेळात शिकवू लागतो. पुढे टायफॉन नावाच्या ग्रहावर फौज उतरते, लास्टिमोसा मारला जातो आणि मरताना आपले यंत्र ‘बीटी-७२७४’ कूपरच्या हवाली करतो. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर श्रेणी तिसरी, अर्हता अपुरी, पण ‘प्रभारी’ म्हणून कार्यभार मात्र पूर्ण! ज्याने वरच्या जागेचे काम वर्षानुवर्षे खालच्या पगारावर केले आहे, त्याला या प्रसंगातील कळ वेगळी सांगावी लागत नाही.

थांबला तो संपला

या खेळाचा जीव त्याच्या धावेत आहे. कूपरच्या कमरेला एक यंत्रपट्टा असतो. त्याच्या जोरावर तो हवेतल्या हवेत दुसरी उडी घेतो, उभ्या भिंतीवरून आडवा धावत जातो, जमिनीवर घसरत पुढे सरकतो. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर झेप घेतली की वेग वाढतो. भिंतीवर फार वेळ रेंगाळला तर खाली पडतो. उघड्यावर उभा राहिला तर काही क्षणांत गोळ्या लागून संपतो. म्हणून आपल्याकडील ‘थांबला तो संपला’ ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

नवखा माणूस पायाखाली पाहत खेळतो व खड्ड्यात पडतो. सरावलेला खेळाडू पायाखालची भिंत सोडण्याआधीच पुढची भिंत हेरून ठेवतो. गोळी नेमकी मारण्यापेक्षा वाट ओळखण्याचे हे कसब अधिक कठीण आहे. सुरुवातीलाच शिकवणीसाठी अडथळ्यांचा एक मार्ग दिला आहे. घड्याळ लावून तो पार करायचा. माझा भाचा एका रविवारी तो मार्ग कितीतरी वेळा धावला आणि दर खेपेला अर्धा-पाऊण सेकंद वाचवत गेला. त्याच्या चेहऱ्यावरची एकाग्रता गणिताच्या पेपरला कधी दिसेल, हा प्रश्न त्याच्या आईने विचारला, तो वेगळा!

दोन टप्पे खास सांगण्यासारखे आहेत. एक टप्पा प्रचंड कारखान्यात घडतो. सरकत्या पट्ट्यांवर जमिनी येतात, त्यावर भिंती बसतात, आत सामानसुमान लागते आणि डोळ्यांदेखत घरे उभी राहतात. राहायला मात्र तिथे कोणी येणार नसते. लढाईच्या सरावासाठी खोटी वस्ती बांधली जात असते. या हलत्या भिंतींवरून धावत आपण वाट काढायची. घरासाठी आयुष्यभर हप्ते भरणाऱ्याला हे दृश्य पाहून काय वाटेल, ते लिहायला नको.

दुसरा टप्पा एका उद्ध्वस्त प्रयोगशाळेचा. तिथे कूपरच्या हाती असे यंत्र लागते की, कळ दाबताच तो भूतकाळात जातो. पुन्हा दाबताच वर्तमानात परत. आज जिथे आग आहे, तिथे काल सरळ रस्ता होता. काल जिथे पहारेकरी होते, तिथे आज कोणी नाही. एका काळातील भिंतीवरून झेप घ्यायची आणि हवेत असतानाच काळ बदलून दुसऱ्या काळातील भिंत पकडायची. गोंधळून जाण्यासारखे वाटते, पण रचना इतकी स्वच्छ आहे की थोड्या वेळात हाताला सवय होते. जाणकारांनी या टप्प्याची फार स्तुती केली आहे.

सरळ मनाचे यंत्र

एवढ्या धावपळीत हसू कुठून येते? ते येते बीटीमुळे. हे यंत्र सत्यवचनी आहे, हिशेबी आहे आणि त्याला टोमणा कळत नाही. कूपर घाबरून किंवा वैतागून काही उपरोधाने बोलला की बीटी त्याचे शब्द जसेच्या तसे घेतो व गंभीर आवाजात मुद्देसूद उत्तर देतो. काही ठिकाणी कूपरने काय बोलावे हे दोन पर्यायांतून आपण निवडायचे असते. निवडीने गोष्ट बदलत नाही, पण बीटीचे उत्तर बदलते. मग दुसरे उत्तर ऐकण्यासाठी तोच भाग पुन्हा खेळावासा वाटतो.

एका ठिकाणी दरी ओलांडायची असते आणि मार्ग नसतो. बीटी उपाय सुचवतो की, मी तुला उचलून पलीकडे फेकतो! कूपरची पाचावर धारण बसते. बीटी विश्वास ठेव म्हणतो आणि खरोखरच फेकतो. आपण हसतो खरे. पण बीटीच्या शब्दावर भरवसा ठेवायला आपण इथूनच शिकतो. बीटीला तीन नियम घालून दिलेले आहेत: पायलटशी जोडून घेणे, मोहीम पार पाडणे, पायलटचे रक्षण करणे. हा तिसरा नियम शेवटी काय मागतो, ते इथे सांगत नाही. इतकेच लिहितो की, आधी हसवणाऱ्या यंत्राने माझा भाचा बराच वेळ गप्प केला होता.

खरी उडी आणि खोटी उडी

भिंती, कठडे, गच्च्या यांवरून न थांबता पुढे जाण्याच्या कलेला ‘पार्कूर’ म्हणतात. ती फ्रान्समध्ये वाढली. लष्करी सरावातील अडथळ्यांच्या मार्गाला फ्रेंचमध्ये जे नाव आहे, त्यातूनच हा शब्द आला. पॅरिसच्या अग्निशमन दलातील जवान रेमों बेल याने या सरावातून अंगी बाणवलेले कसब त्याचा मुलगा डेव्हिड बेल (जन्म १९७३) याने पॅरिसजवळच्या लिस या गावात मित्रांसह वाढवले. मूळ हेतू असा की, संकटात स्वतःला वाचवता यावे व दुसऱ्यापर्यंत पोहोचता यावे.

हे सांगण्याचे कारण असे की, खेळातील कूपरला यंत्रपट्टा आहे, आपल्या मुलांना नाही. खरा पार्कूर शिकणारा आधी जमिनीवर उतरायला शिकतो. गुडघे वाकवून, पायाच्या चवड्यांवर, आवाज न करता उतरणे आणि उंची जास्त असेल तर खांद्यावरून तिरके लोळण घेऊन धक्का जिरवणे. मल्लखांबाला जसा वस्ताद लागतो, तसा यालाही शिकवणारा लागतो. गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, रेल्वेचा पूल ही सरावाची जागा नव्हे. ही एक गोष्ट मुलांना स्पष्ट शब्दांत बजावलीच पाहिजे.

पालकांनी काय पाहावे

अमेरिकेच्या मानांकन मंडळाने हा खेळ १७ वर्षे व त्यावरील मुलांसाठी ठरवला आहे. रक्त आहे, शिव्या आहेत, माणसे मरतात. शत्रूंचे चेहरे बहुधा शिरस्त्राणाखाली झाकलेले असतात, त्यामुळे मरणाचे ओझे मनावर येत नाही आणि विनोदाने ते आणखी हलके होते. हा दोष आहे व तो मोठ्या मुलाशी बोलला पाहिजे. लहान भावंडांना शेजारी बसवू नये. गोष्ट साधारण सहा तासांत संपते. रोज तासभर दिला तर आठवडा पुरतो. इंटरनेटवरील सामन्यांना मात्र शेवट नसतो, तिथे वेळेचे बंधन घालावेच लागते. खर्चाचे म्हणाल तर संगणकाला किमान ८ जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड व ४५ जीबी मोकळी जागा हवी. घरात असा संगणक नसेल तर या खेळापायी कर्ज काढू नये.

चांगला असूनही हा खेळ कंपनीच्या अपेक्षेएवढा खपला नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सचाच ‘बॅटलफील्ड १’ त्याच्या एक आठवडा आधी आला होता आणि नवा ‘कॉल ऑफ ड्यूटी’ एक आठवड्याने आला. दोन दांडग्यांच्या मध्ये तो चेंगरला. २०१९ मध्ये याच कंपनीने याच जगावर आधारलेला ‘एपेक्स लेजंड्स’ काढला, तो फुकट असल्याने फार पसरला. पण त्यात भिंतीवरची धाव नाही आणि बीटीसारखा सोबतीही नाही.

मुलाने हा खेळ लावला तर तासभर शेजारी बसा. त्याला गोळ्यांविषयी विचारू नका. पुढची भिंत तू कशी हेरतोस, लास्टिमोसाने कूपरमध्ये काय पाहिले असेल, हे विचारा. तो उत्तर देऊ लागला की पडद्यावरची नजर काढून तुमच्याकडे वळेल. मग अभ्यासाचा विषय काढायलाही अडचण पडणार नाही.